चौसष्ट घरं तांबडी

लाकडावरची लाख कशी काढायची, हे मला विचारा. अख्ख्या जव्हारात ह्या विषयात माझा हात धरणारं कुणी नाही. आणि हे सगळं ज्ञान मी एका दिवसात मिळवलं, सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत.

चाचणीत विज्ञानात मी पहिली आले होते. वर्गात मुलगे एकवीस, मुली तीन, आणि पहिली सरू देवराम सुतार. त्यामुळे त्या आठवड्यात मी जमिनीवरून थोडी वरूनच चालत होते.

आबांनी तेव्हा बुद्धिबळाचा पट केला होता. दरबारच्या खाजगीकडचे कारभारीसाहेब बुद्धिबळाचे वेडे. त्यांनी आबांना सांगितलं होतं, "देवराम, पट करून आण. हात पसंत पडला तर दरबारच्या कामावर कायमचा घेतो." आणि पसंत नाही पडला, तर दसऱ्यानंतर आमचं बिऱ्हाड मुंबईला. आबा तिथे गोदीत सुतारकाम करणार, आणि मी चाळीतल्या नळावर रांग धरणार. "मुंबईत वयात आलेल्या पोरीला शाळेत कोण धाडतो?" असं आबा म्हणाले होते. म्हणजे त्या पटावर माझी शाळा मांडलेली होती.

पट मात्र देखणा. काळी बत्तीस घरं खैराची, पांढरी बत्तीस शिवणीच्या लाकडाची, कडेला सागाची पट्टी. वरून लाखेचे सात हात. शेवटचा हात देऊन आबा मोखाड्याला दारं बसवायला गेले. आई मावशीच्या बाळंतपणाला दाभोशाला गेलेली. जाताना आबांनी एकच गोष्ट बजावली, "खिडकी उघडू नकोस. धुकं आत आलं तर लाख पांढरी पडते."

मी उघडणार नव्हतेच. पण वर्गातल्या वेणूला पट दाखवायचा होता, आणि अंधारात काय दिसणार? पट बघून वेणू घरी गेली. खिडकी लावायची राहिली.

सकाळी पाहते तर भाद्रपदातलं धुकं जावयासारखं ऐसपैस आत येऊन बसलेलं, आणि पटावर दुधाची साय. काळं घर कुठलं, पांढरं कुठलं, हात फिरवून ओळखायची पाळी.

आबा संध्याकाळी येणार होते. पट दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जायचा होता.

मी वेणूला बोलावून आणलं.

"आता गं?" ती म्हणाली.

"घाबरतेस काय? लाख कशात विरघळवली?"

"स्पिरिटात."

"मग स्पिरिटातच सुटणार. साधं विज्ञान आहे. जुनी लाख पुसायची, नवा हात द्यायचा. आबांना कळणारसुद्धा नाही."

स्पिरिटची बाटली उपडी केली. तीन थेंब पडले. नवी बाटली नाशिकहून यायची. पण मी पहिली आलेली मुलगी! स्पिरिट म्हणजे तरी काय? कडक दारूच की. आणि कडक दारू पाड्यावर सुकीकाकूकडे.

सुकीकाकू अंगणात नाचणी पाखडत होती. मी मोहाची, पहिल्या धारेची मागितली, तशी तिने सूप खाली ठेवलं.

"कोनाला पायजे?"

"पटाला."

"ह्यो पट कोन? तुझ्या बापसाचा सोबती?"

"लाकडाचा आहे काकू. त्याला चोळायचीय."

तिने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. "बरा. तुझा बापूस पितो ता आमाला म्हायती नवता." आणि बाटली पदराखाली झाकून दिली. "सांग त्याला, संग काय तरी खावा."

समजावत बसायला वेळ नव्हता.

घरी येऊन चिंधी भिजवली आणि चोळायला सुरुवात केली. सुटली की लाख! आधी चिकट झाली, मग गुळाच्या पाकासारखी चिंधीला आली. मी वेणूकडे विजयाने पाहिलं. वेणू पटाकडे पाहत होती.

"सरे, पांढरी घरं गुलाबी का होताहेत?"

खैर रंग सोडत होता. जितकं पुसावं तितका तांबूस ओघळ शिवणीत शिरत होता. मी चिंधी बदलली. दुसरी भिजवली, तिसरी भिजवली. गुलाबीची विटकरी झाली. 

"थांब," मी म्हटलं. "पांढरं करायला काय लावतात?"

"कशाला?"

"भिंतीला, वेणू, भिंतीला!"

आईच्या पानाच्या डब्यातला चुना होता तेवढा सगळा पाण्यात कालवला आणि चौसष्ट घरांवर फासला. वेणू काहीतरी आठवत असल्यासारखी उभी होती. चुना पसरून झाल्यावर तिला आठवलं.

"सरे, खैरापासूनच कात करतात ना गं?"

कात आणि चुना. जव्हारातलं शेंबडं पोरही सांगेल काय होतं ते. पट आमच्या डोळ्यांदेखत रंगत गेला. दहा माणसांनी पानं खाऊन आळीपाळीने त्यावर थुंकावं, तसा लालभडक. पुसायला गेले तर हातही लाल. चौसष्ट घरं एका रंगाची! ह्या पटावर उंट, घोडा, राजा सगळे वाट चुकून भलतीकडे गेले असते.

वेणू म्हणाली, "मुंबईत समुद्र असतो म्हणे." मला रडू फुटलं.

तेवढ्यात दारात साहेबांचा भिका शिपाई. "देवराम हाय का? साहेब उद्या गावाला चाललेत. पट आजच दिवेलागणीला आणा म्हणालेत." मग त्याचं नाक हललं. त्याने आत पाहिलं. ओल्या चिंध्या, अर्धी बाटली, लालभडक हातांची रडणारी पोरगी.

"हं," एवढंच म्हणून तो गेला. माणसं ओरडली तर परवडतं.

तासाभराने आबा आले. मी सगळं सांगितलं. खिडकीपासून चुन्यापर्यंत, एकही घर न गाळता. आबांनी पट उचलला, तिरपा धरला, नखाने खरवडला.

"खिडकी उघडलीस ते उघडलीस. पण दारू कशाला?"

"लाख काढायला."

आबा उठले, कोनाड्यातला फुटक्या तावदानाचा तुकडा घेतला आणि पटावर ओढला. लाल कीस वर आला, सालपटासारखा. खाली शिवण पांढरी स्वच्छ. रंग नखभरही आत गेला नव्हता.

"लाख अशी काढतात," आबा म्हणाले. "कोरडी."

दिवेलागणीपर्यंत पट उजळ झाला. लाखेला वेळ नव्हता, म्हणून आबांनी नुसतं करडईचं तेल चोळलं आणि आम्ही दोघं निघालो. माझे हात मी परकराच्या घोळात लपवले होते.

साहेबांनी पटावर बोट फिरवलं. सांधे पाहिले. चेहऱ्यावर पसंती दिसली. मग ते जवळून बघायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"देवराम, ह्याला मोहाचा वास येतोय."

भिका मागून म्हणाला, "घरातपन येत व्हता, साहेब. पाड्यावर समदे बोलतात. आज पोरीला धाडलीती बाटली आनायला."

मी तोंड उघडलं. आबांनी न बघता माझा पाय आपल्या पायाने दाबला. दरबारात उभी राहून 'दारू मी आणली, आबांसाठी नाही' असं मी सांगितलं असतं तर माझं नाव कुठवर गेलं असतं, ते त्यांनी माझ्याआधी ओळखलं होतं.

"चूक झाली, साहेब," आबा म्हणाले. ज्यांनी जन्मात ताडीसुद्धा चाखली नाही, ते आबा.

साहेबांनी पुन्हा एकदा सांध्यांवरून बोट फिरवलं. मला मुंबईचा नळ दिसायला लागला.

"हात सोन्याचा आहे," ते शेवटी म्हणाले. "तोंड सुधार. उद्यापासून कामावर ये. पण रोज सकाळी फाटकावर भिका तुझं तोंड हुंगेल. वास आला त्या दिवशी घरी."

तर असं झालं. आम्ही जव्हारातच आहोत, मी शाळेत जाते, आणि माझ्या शिक्षणासाठी आबा रोज सकाळी फाटकावर आ करून उभे राहतात. दाभोशाहून परतलेल्या आईला हे बघवेना. काल तिने त्यांच्या हातावर वेलदोडा ठेवला, म्हणाली, निदान बरा वास तरी येऊ दे.

भिकाने तीनदा हुंगलं आणि आबांना दुपारपर्यंत फाटकाबाहेर बसवून ठेवलं.

"वेलदोडा," तो सगळ्यांना सांगत होता, "काय लपवायचं नसंल तर मानूस कशाला खाईल?"