ड्रायव्हरचं सुतक

शैलजाबाई गेल्या आणि विद्याधर कारखानिसांच्या लॅपटॉपमधल्या आवाजाच्या ड्रायव्हरने सुतक धरलं. ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्राम. तो चालू असला तरच माइक ऐकतो आणि स्पीकर बोलतो. पडद्याच्या कोपऱ्यातल्या कर्ण्यावर फुली आली होती आणि खाली मजकूर होता : 'सुतक असल्यामुळे सेवा बंद.'

कारखानिसांनी स्वतः काहीच पाळलं नव्हतं. जन्मभर ते याच विषयावर लिहीत आले होते. बायकोला विद्युतदाहिनीत पोचवून आल्यावर त्यांनी अंघोळ केली, ती उकडत होतं म्हणून. भेटायला येणाऱ्यांना त्यांनी कॉफी दिली, रडू दिलं नाही, आणि निघताना प्रत्येकाच्या हातावर 'तेराव्याचे तेरा तोटे' ही आपली पुस्तिका ठेवली. एका गृहस्थांनी ती विसरल्यासारखं करून चपलांजवळ ठेवली, तर कारखानीस कोपऱ्यापर्यंत धावत जाऊन त्यांना देऊन आले.

उद्या सकाळी त्यांचं ऑनलाइन व्याख्यान होतं. विषय, 'शोक आवरा, आचार टाळा'. माइकशिवाय भागणार नव्हतं. त्यांनी सेवा केंद्राला फोन लावला.

"नमस्कार, मी हेमांगी. काय अडचण आहे, काका?"

"ड्रायव्हरने सुतक धरलंय."

"अरेरे. कोण गेलं?"

"आमची ही."

"कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरनेही धरलंय का?"

"नाही. तो मजेत आहे."

"काकू कॅमेरा बंद ठेवून बोलायच्या का?"

"हो. बेळगावच्या बहिणीशी, रोज तास तासभर. केस विंचरलेले नाहीत म्हणायची."

"बरोबर. म्हणजे आवाजवाल्याचाच संबंध. तेरावा झाला की तो आपणहून कामाला लागतो. थांबता येईल?"

"उद्या व्याख्यान आहे हो."

"मग जुना काढून नवा घालावा लागेल."

ती सांगत गेली, कारखानीस बटणं दाबत गेले. 'हा ड्रायव्हर काढून टाकायचा? खात्री आहे?' असं पडद्याने विचारलं. कारखानिसांना एखाद्या गोष्टीची खात्री नाही, असं आजवर झालंच नव्हतं. जुना ड्रायव्हर गेला. नवा उतरला आणि सुरू होण्याआधी त्याने एक चौकट पुढे केली : 'या घरात नुकतंच कोणी गेलं आहे का?' खाली दोन बटणं होती, 'हो' आणि 'नाही'.

"'नाही' दाबा, काका," हेमांगी म्हणाली. "तो नवीन आहे. त्याला काही माहीत नाही."

"आणि 'हो' म्हटलं तर?"

"कळल्या दिवसापासून तोही धरणार. मग उद्या माइक नाही."

कारखानिसांनी बाण 'नाही'वर नेला. रूढींना खतपाणी घालायचं नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. पण ड्रायव्हरने रूढीबद्दल काही विचारलंच नव्हतं. कोणी गेलंय का, एवढंच त्याला हवं होतं. आणि खोटं बोलायचं नाही, हेही तत्त्वच होतं. दोन तत्त्वांमध्ये बोट अधांतरी राहिलं. इतके दिवस हे कोणी सरळ विचारलं नव्हतं. लोक मान डोलवायचे आणि पुस्तिका घेऊन जायचे.

"काका, आहात ना?"

"आहे."

"सावकाश होऊ द्या."

त्यांनी 'हो' दाबलं. दुसरी चौकट आली : 'आपण त्यांचे कोण?' त्यांनी 'नवरा' असं टाइप केलं. शब्द लहान होता, तरी दोनदा चुकला. कर्ण्यावर पुन्हा फुली आली.

"धरलं त्याने," ते म्हणाले.

"तुमचा आवाज तुटतोय, काका."

"फोनला काही झालेलं नाही," कारखानीस म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी व्याख्यानमालेच्या नवाथ्यांना कळवलं.

"उद्याचं पुढे ढकला. सुतक आहे."

"तुम्हाला?"

"मला कसलं हो! ड्रायव्हरला."

"मग ठीक. मी दचकलोच. फिटलं की सांगा."

दुपारी कारखानिसांनी स्वतःपुरती आमटी केली. मोहरीचा डबा हातात घेतला आणि न उघडता परत फळीवर ठेवला. घरात सुतक असताना फोडणी देत नाहीत.