कोलूच्या पायरीवर पाच चकत्या

पंकजाला सातवा महिना लागला आणि तिच्या डोहाळजेवणाचा दिवस ठरला, ते वर्ष एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. विजयादशमीनंतरचा रविवार. तंजावरहून व्याही यायचे होते.

"मी उघडलेली वस्तू परत जोडली गेली नाही, असं एक उदाहरण अख्ख्या कुंभकोणात कोणी दाखवावं!" असं पंकजाचे वडील कृष्णस्वामीराव नेहमी म्हणत. उदाहरण शोधायला कोणाला लांब जावं लागलं नसतं. गावातल्या मेलकावेरी भागातल्या त्यांच्याच स्वयंपाकघरात एक मिक्सर होता. रावांनी तो उघडून जोडल्यापासून फक्त झाकण काढलेलं असतानाच फिरत असे! उरलेले दोन स्क्रू त्यांची बायको विजयलक्ष्मी हिनं पुरावा म्हणून हळदीच्या डब्यात जपून ठेवले होते.

त्या घरात आणखी एक यंत्र होतं. रावांचा भाचा रघूत्तम मद्रासला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. कंपनीनं टाकून दिलेलं एक लोखंडी धूड त्यानं दुरुस्त करून मामाच्या मधल्या खोलीत आणून ठेवलं होतं. त्याला एकाखाली एक पाच खण, आणि दर खणात काळ्या चौकटीत बसवलेली एक चकती. त्या चकत्यांवर भवानीआत्याची गाणी होती.

भवानीआत्या म्हणजे रावांच्या वडिलांची बहीण. वय अठ्ठ्याऐंशी. सगळं घर तिला आत्याच म्हणे. शहाऐंशी साली तिनं चाळीस गाणी टेपरेकॉर्डरवर म्हटली होती. पुढे कावेरीच्या दमटपणानं टेपांना बुरशी आली, आणि त्या पार जायच्या आत रघूत्तमनं गाणी या यंत्रात उतरवून घेतली. आता आत्याचा आवाजही गेला होता. गेल्या वर्षीच्या खोकल्यानंतर ती नुसती कुजबुजत असे. डोहाळ्यांचं गाणं या घरात पिढ्यान्पिढ्या म्हटलेलं, पण ते संपूर्ण तिलाच येत होतं. बाकीच्यांना पहिलं कडवं यायचं. पुढे सगळ्या जणी नुसतं गुणगुणायच्या.

"बाबा, मला दुसरं काही नको," पंकजा म्हणाली होती. "बांगड्या भरताना आत्याच्या आवाजातलं गाणं लावा, एवढंच."

"झालंच म्हणून समज!" राव म्हणाले.

यंत्र बसवताना रघूत्तमनं मामाला सगळं समजावलं होतं. "मामा, चार चकत्यांत गाणी आहेत. पाचवीत त्या चौघींचा ताळा. कोणतीही एक मेली तरी उरलेल्या चौघी मिळून तिच्यात काय होतं ते सांगतात."

"म्हणजे आपली आत्याच की! दुसरे विसरले ते ही सांगणार."

"हो, पण रांग बदलायची नाही. ज्या खणातली त्याच खणात. मी वर आकडे घातलेत. आणि मामा, हात लावू नका!"

नवरात्र आलं. कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, सात पायऱ्यांवर बाहुल्या बसल्या. नवमीला आयुधपूजा. विळी, कात्री, पंकजाची शिवणयंत्राची सुई, झाकणाशिवाय फिरणारा मिक्सर, सगळं धुवून पुसून खालच्या पायरीवर आलं. राव यंत्रासमोर उभे राहिले.

"वरून कुंकू लावा आणि या," विजयलक्ष्मी म्हणाली.

"वरून? विळीची पूजा करताना विळी धुतेस ना? का विळी ठेवतेस त्या कपाटाला कुंकू लावतेस? आयुध आत आहे!"

आणि रावांनी वरून खालपर्यंत एकेक खण ओढून पाचही चकत्या बाहेर काढल्या. काढल्या त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडे पायरीवर मांडल्या. मग ओलं फडकं घेऊन एवढ्या भक्तीनं पुसल्या की धुळीबरोबर रघूत्तमचे आकडेही स्वच्छ झाले! गंध लावलं, कुंकू लावलं. शेवटच्या ताळ्याच्या चकतीला मान म्हणून शेवंतीचं फूलही वाहिलं.

दशमीला पुनःपूजा झाली. चकत्या परत बसवायला घेतल्या आणि रावांचा हात थांबला. चौघींची काळजी वाहणारी ही ताळ्याची चकती, तिला सगळ्यात खालचा खण? जिथं फरशी पुसताना पाणी उडतं तिथं? पंगतीत थोरल्या माणसाला कोणी दारापाशी बसवतं का? त्यांनी तिला सन्मानानं सगळ्यात वर बसवलं. मग बाकीच्यांवर तरी अन्याय का? मागच्या चिठ्ठीवर जन्मसाल छापलेलं होतं. ते पाहून त्यांनी थोरली आधी, धाकटी शेवटी असं लावून टाकलं.

बटण दाबलं मात्र, यंत्र किंचाळायला लागलं! पीं! पीं! पीं! जणू पाच सासवांना एका चुलीपुढं बसवलं होतं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला.

"काहीतरी नम्रपणे विचारतंय," राव म्हणाले. "हो म्हणून टाकतो. माझा चष्मा कोठे आहे?"

"आधी ते रडणं थांबवा!" म्हणत विजयलक्ष्मीनं भिंतीतला प्लग उपसला.

शनिवारी दुपारी रघूत्तम आला. त्यानं खण उघडून पाहिले आणि तो खालीच बसला.

"मामा, आकडे कोठे गेले?"

"आकड्यांचं काय एवढं? चकत्या पाचच आहेत, मी मोजल्यात!"

"प्रश्नाला हो म्हणालात?"

"चष्मा सापडला नाही. तोवर हिनं प्लगच उपसला."

रघूत्तमनं मामीच्या पायांना हात लावला. "मामी, तुम्ही वाचवलं. हो म्हटलं असतं तर त्यानं या उलट्या रांगेवर नवा ताळा लिहिला असता, आणि गाणी पुसली असती. पण आता खरी रांग कोणती? पाच चकत्यांच्या एकशे वीस रांगा होतात!"

"ताळ्याची शेवटची होती," राव घाईनं म्हणाले. "हे बघ, चौकटीत शेवंतीची पाकळी अडकलीय."

"मग उरल्या चोवीस."

"अरे, चोवीसच की! उगाच घाबरवलंस!"

"मामा, चोवीस काय, दोन वेळा चुकायचीही छाती नाही माझी. एखाद्या चुकीच्या रांगेत हे न विचारताच लिहायला लागलं तर?"

आतल्या खोलीच्या दारात पंकजा उभी होती. ती मागं वळली आणि आत गेली. रावांचा चेहरा प्लग काढलेल्या यंत्रासारखा झाला.

"पायरीवर काढल्या त्याच रांगेत मांडल्या होत्या," ते हळूच म्हणाले. "शपथ घेतो. पण कोणती कोठे होती ते... मी गंध लावत होतो. बघत नव्हतो."

"तुटक्या खिट्टीची त्या चेट्टीयार वाण्याच्या बाहुलीजवळ होती," विजयलक्ष्मी म्हणाली. "की विळीजवळ?"

तेवढ्यात कोलूसमोरच्या आरामखुर्चीतून काठी दोनदा आपटली. भवानीआत्या!

सगळे तिच्याभोवती वाकले. आत्या कुजबुजली, "मला विचारलंत का कोणी? दोन दिवस या खुर्चीत आहे. डॉक्टर बोलू नको म्हणतो. बघण्यावाचून काय करू?"

"आत्या, रांग आठवते?"

"पहिली, चेट्टीयारपाशी, कुंकू ओघळलेली. दुसरी कोरी. तिला गंध लावायला कृष्णा विसरला. मग विसरलो वाटून तिसरीला दोनदा लावलं. चौथी तुटक्या खिट्टीची. विळी तिच्या पलीकडे. पाचवी फूलवाली."

रघूत्तमनं चकत्या उलटसुलट केल्या. ओघळलेलं कुंकू होतं. एक कोरी होती. एकीवर दोन टिळे होते!

"आत्या, नक्की ना?"

"मिक्सरचे दोन स्क्रू कोठे पडले, तेही मीच सांगितलं होतं."

रघूत्तमनं रांग लावली. रावांनी मिटलेल्या डोळ्यांनी नरसिंहाचं नाव घेतलं. बटण दाबलं. यंत्र घुमलं, आणि गप्प राहिलं. एकदाही पीं नाही! रघूत्तमनं डोहाळ्यांचं गाणं लावलं. पंकजा धावत बाहेर आली.

आधी खरखर झाली. मग आत्याचा बारा वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज घरभर घुमला:

"कृष्णा! त्या यंत्राला हात लावू नको! मोडशील!"

आणि त्यामागोमाग गाणं सुरू झालं.

पंकजा हसता हसता रडत होती. राव म्हणाले, "रघू, ते पहिलं वाक्य कापता येतं ना रे? उद्या व्याही आहेत."

"येतं की, मामा."

काठी पुन्हा आपटली. "कापू नको," आत्या कुजबुजली. "बारा वर्षांनी तरी त्याला ऐकू येऊ दे."

दुसऱ्या दिवशी पंकजाच्या हातात हिरव्या बांगड्या चढत असताना व्याह्यांनी आणि शंभर पाहुण्यांनी ते वाक्य ऐकलं. व्याहीबुवा रावांकडे वळून अदबीनं म्हणाले, "आपल्याकडे मिक्सर आहे म्हणे?"

नव्व्याण्णवच्या चैत्रात तिसऱ्या खणातली, दोन टिळ्यांची चकती मेली. उरलेल्या चौघींनी तिच्यातलं सगळं सांगितलं; एक ओळही गेली नाही. भवानीआत्या त्याच वर्षी मार्गशीर्षातल्या एकादशीला सकाळी गेली. तिचं वय एकोणनव्वद होतं.