दोन घरांचं पाणी

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनाही पुढं येऊ द्या. आज गोष्ट सांगायची आहे ती एका आईची, तिच्या दोन लेकांची आणि जमिनीखालच्या नळांची. देव पाणी देतो ते निर्मळच. पुढचं सारं आपलं कर्तृत्व!

दोघे भाऊ वेगळे झाले, घराचे दोन भाग झाले आणि अंगणात पुरुषभर उंच भिंत उभी राहिली. आई तेवढी वाटता येईना. म्हणून ती महिनाभर थोरल्याकडे, महिनाभर धाकट्याकडे राही. हल्ली मात्र तिचं पोट बिघडलं ते थांबेचना. डॉक्टरांनी बजावलं, "पिण्याच्या पाण्यात घाण मिसळतेय. या वयात हे जिवावर बेतेल."

झालं! भिंतीवरून तोफा सुटल्या.

"दादा, तुझ्याकडचंच पाणी घाण. आईला आत्ता माझ्याकडे पाठव!"

"तुझ्याकडून आली तीच मुळी अंथरूण धरून! ती इथून हलायची नाही."

शेवटी पाणीखात्याचा माणूस आला. त्याच्याकडे रंगाचे दोन डबे होते. "थोरल्यांच्या संडासात लाल ओततो, धाकट्यांच्या हिरवा. संडासाचा पाइप धड असेल तर रंग रस्त्यावरच्या गटारात दिसेल. फुटका असेल, तर पिण्याच्या नळाला उतरेल."

"ज्याच्या नळाला रंग, त्यानं आईवरचा हक्क सोडायचा," धाकटा म्हणाला.

"कबूल!"

"मला विचारा की कुणीतरी," आई खाटेवरून म्हणाली. पण दोघेही आपापल्या नळाकडे डोळे लावून बसले होते.

पाणी सुटायची वेळ झाली. नळ खोकले, फसफसले, आणि धाकट्याच्या बादलीत लालेलाल धार पडली. थोरल्या जाऊबाई स्टुलावर चढून भिंतीवरून डोकावल्या. "बघा बाई, कुणाचं पाणी कसं ते! उगाच आम्हाला नावं ठेवत होतात."

"अगं, आत ये आधी," मागून त्यांच्या यजमानांचा पडेल आवाज आला. "आपल्याकडे हिरवं येतंय."

पाणीखात्याच्या माणसानं घसा खाकरला. "म्हणजे यांचं त्यांच्याकडे जातंय, आणि त्यांचं यांच्याकडे."

"चला," आई म्हणाली, "दोन घरांत काहीतरी देवाणघेवाण चालू होती म्हणायची!"

खणून पाहिलं, तर भिंतीच्या पायानंच सारे पाइप चेपले, फुटले होते. भिंत पाडल्याशिवाय दुरुस्ती नाही. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. पहिला घाव कुणी घालायचा? तेव्हा आई उठली. भिंत धरत धरत आली आणि तिनं कुदळ उचलायला घेतली. ती काही तिला उचलेना. मग मात्र दोन्ही लेक धावले. संध्याकाळी अंगण पुन्हा एक झालं.

पिण्याचे आणि संडासाचे नवे पाइप एकमेकांपासून लांब, दोन कडांनी नेले. पाणी निवळलं, आईच्या अंगात ताकद आली. तशी पुन्हा कुजबुज सुरू झाली, की आता आई कुणाकडे?

"पैज तुम्हीच लावली होतीत," आई म्हणाली. "रंग दोघांच्याही नळाला आला. दोघांचाही हक्क गेला. पाडलेल्या भिंतीच्या विटांची मला मधोमध एक खोली बांधून द्या. मी माझ्या घरी राहीन."

"आणि आम्ही?" थोरल्यानं चाचरत विचारलं.

"तुम्ही या की! एक महिना तू, एक महिना हा. पण माझ्याकडे राहायचं तर भांडण दाराबाहेर ठेवायचं."

पहिल्याच महिन्यात दोघेही एकदम येऊन बसले.

मंडळी, उद्या तुमच्या ओंजळीत नळाचं स्वच्छ पाणी पडेल, तेव्हा घोटभर पिण्याआधी त्या माउलीला आठवा.