हवेतलं अतिक्रमण

आमच्या शेजारच्या नानांच्या ओट्यावर खडूनं आखलेला चौकोन आहे. दोन फूट बाय दोन फूट. त्यात पाय ठेवायचा नाही. दूधवाल्यानं ठेवला तर आतून आवाज येतो, "हद्द बघा, हद्द." मी विचारलं, तर म्हणाले, "मोजणी चालू आहे."

नाना अतिक्रमण हटवण्याच्या खात्यातून निवृत्त झाले. जळगावातल्या कितीतरी टपऱ्या त्यांनी हलवल्या, पण नोटिशीशिवाय एकही नाही. कोथिंबीर महागली तरी विचारतात, "नोटीस दिली होती का?" बायको, म्हणजे आमच्या अक्का, ओट्यावर मेथी निवडता निवडता गेल्या, तेव्हा मात्र हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही.

दिवाळीला साक्रीहून लेक आली आणि त्यांना एक चष्मा देऊन गेली. तो घातला की खऱ्या अंगणात नसलेल्या वस्तू दिसतात. तेव्हापासून नानांची झोप उडाली.

"उद्या एखाद्या सराफानं माझ्या दारात चष्म्यातूनच दिसणारी पाटी टांगली, तर परवानगी कोणाची? बठ्ठी हवा काय त्यास्नी शे का?" नाना तापले की अहिराणीत येतात: सगळी हवा काय त्यांची आहे का?

कलेक्टर कचेरीजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे, त्यामुळे नानांनी लिहिलेली नियमावली टाइप करायला माझ्याकडेच आली. सहा नियम, तीन प्रती. दाराबाहेरच्या हवेत परवानगीशिवाय काही दिसल्यास ते चोवीस तासांत हटवावे, वगैरे. कचेरीतल्या आवक टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "नाना, हे कोणत्या खात्याला पाठवू?" नाना म्हणाले, "खातं नसेल तर काढा."

गेल्या सोमवारी मी दुकानाचं कुलूप काढायच्या आधीच ते पायरीवर बसलेले. सातवा नियम आणला होता. एरवी त्यांचं अक्षर पट्टीनं आखल्यासारखं असतं. आज ओळी खाली उतरल्या होत्या.

'चष्म्यातून दिसणारी व्यक्ती एखाद्या जागी बसत असल्यास, तीस दिवसांची नोटीस व घरच्यांची सुनावणी याशिवाय कंपनीने तिला हटवू नये. असे अतिक्रमण नियमित करावे.'

"नाना, सहा नियमांत हटवा म्हणता आणि सातव्यात राहू द्या? हसतील तिथे."

"हसू द्या. आजच्या टपालात गेलं पाहिजे."

त्यांनी मोबाइल पुढे केला. चष्म्याच्या कंपनीचा निरोप होता: महिनाअखेरीस सेवा बंद. नऊ दिवस उरले होते.

"बसलंय कोण पण?"

"ती. पोरीनं तिचे जुने व्हिडिओ दिले होते कंपनीला. चष्मा घातला की ओट्यावर बसलेली दिसते. मेथी निवडते."

"बोलतात अक्का?"

"नाही. मधेच मान वर करून बघते. तेवढंच." मग घाईनं म्हणाले, "मी माप घेतलंय. दोन बाय दोनच्या बाहेर येत नाही. कोणाला अडचण नाही."

मी टाइप करून दिलं. त्यानंतर ते रोज दोनदा दुकानात यायचे. "उत्तर आलं का?" मी नाही म्हणायचे. खोटं सांगून काय उपयोग?

शनिवारी संध्याकाळी स्मरणपत्रावर सही घ्यायला त्यांच्याकडे गेले. चौकोन पुसट झाला होता. मी वळसा घालून दाराशी पोचले.

"नाना, खडू टिकायचा नाही. माझ्याकडे दुकानाच्या पाटीचा ऑइल पेंट उरलाय. देऊ का?"

"नको." ते गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि खिशातून खडू काढला. "अजून मंजुरी कुठे आली?"