एका अमोनाइटची आठ कोटी वर्षं

संग्रहालयाच्या डाव्या दालनात, चार नंबरच्या काचपेटीत, एक अर्धा अमोनाइट होता. उजव्या दालनात, नऊ नंबरच्या काचपेटीत, आणखी एक अर्धा अमोनाइट होता. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. डावा अर्धा ज्युरासिक काळातला, म्हणजे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. उजवा क्रिटेशस काळातला, म्हणजे सात कोटी वर्षांपूर्वीचा. तसं पाटीवर लिहिलं होतं, आणि पाटीखाली सक्षम अधिकाऱ्याची सही होती. दगड खोटं बोलू शकतो. सही कशी बोलेल?

अमोनाइट हा समुद्रातला प्राणी. मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं कवच अंगावर वागवत तो कोट्यवधी वर्षं सुखात राहिला, आणि डायनासोर गेले त्या सुमारास तोही गेला. मागे कवचांचे दगड उरले, आणि ते दगड कुठल्या काळातले, कुठल्या जातीचे हे ठरवायला माणसं नेमणं भाग पडलं. डाव्या दालनातला असा नेमलेला माणूस म्हणजे भिंगोबा. हे नाव त्याला कचेरीने दिलं होतं, कारण त्याच्या गळ्यातलं भिंग आंघोळीखेरीज कधी उतरत नसे. चहात पडलेल्या बिस्किटाचा तुकडाही तो आधी भिंगाखाली धरी, मग खाई.

सव्वीस वर्षांपूर्वी भिंगोबाने ह्या डाव्या अर्ध्याची नवी जात जाहीर केली आणि बायकोच्या नावाला लॅटिन शेपटी जोडून ते तिला दिलं. सात वर्षांनी उजव्या अर्ध्यालाही नवी जात मिळाली. तिला त्या दालनाच्या तेव्हाच्या प्रमुखांचं नाव मिळालं. स्वतःचं नाव स्वतःच देणं बरं दिसत नाही, म्हणून प्रमुखांनी ते हाताखालच्या बाईंकडून देववलं. पुढे प्रमुख संचालक झाले आणि बाई प्रमुख झाल्या. संचालकांच्या नावाचा तो अर्धा अमोनाइट फाटकावर आला, पत्रांच्या कागदावर आला, पाहुण्यांच्या कपांवरसुद्धा आला.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण मधे पडदे आले.

उन्हाने दगडांना काही होत नाही, पण पाट्यांची शाई उडते. संग्रहालयात ही गोष्ट फार गंभीर धरली गेली आणि दोन्ही दालनांच्या खिडक्यांना जाड पडदे लावायचं ठरलं. भिंगोबाची बायको शिवणकाम करत असे. माप घ्यायला ती टेप गळ्यात अडकवून आली. उजवं दालन उरकून डाव्यात आली, आणि चार नंबरच्या पेटीपाशी थबकली.

"अहो, ह्याचा उरलेला तुकडा तिकडे का ठेवलाय?"

"कुठला उरलेला?"

"पलीकडे, नऊ नंबरला. ही चूण बघा, इथे मधेच तुटलीय ना? बाकीची अर्धी तिकडे आहे. आणि ही पांढरी रेघ इथून जशी तिरकी गेलीय, तशीच तिकडे तिरकी निघालीय."

"अगं, ते क्रिटेशस आहे," भिंगोबा हसला. "आठ कोटी वर्षांचा फरक आहे दोघांत."

"असेल बाई. कापड एकच आहे."

बायको खिडकीकडे वळली. भिंगोबा मात्र जागचा हलला नाही. थोड्या वेळाने त्याने पातळ कागदावर तुकड्याची मोडलेली कड गिरवून घेतली आणि तो मधल्या बोळात शिरला. बोळ बत्तीस पावलांचा. निम्म्यावर पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं. सव्वीस वर्षं तो रोज पिंपापर्यंत जात होता. त्याच्यापुढे कधी गेला नव्हता, कारण पुढे क्रिटेशस लागत असे. आज तो गेला. नऊ नंबरच्या काचेवर त्याने कागद धरला. कड कडेत अशी बसली, जशी कवळी तोंडात बसते.

जुनी आवक-वही काढल्यावर उलगडा झाला. अख्खा अमोनाइट ज्यातून आला ते खोकं जिन्यात फुटलं होतं. हमालाने उजव्या हातात आलेला तुकडा उजवीकडे नेला आणि डाव्या हातातला डावीकडे. बाकीचं सगळं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं होतं.

"मग सांगणार ना आता?" घरी बायकोने विचारलं.

"सांगायलाच हवं. नियम साधा आहे. एकाच जातीला दोन नावं पडली असतील तर आधीचं टिकतं. म्हणजे तुझं."

"आणि साहेबांचं?"

"बाद."

"म्हणजे फाटक बदलावं लागणार. कधी सांगताय?"

"योग्य मार्गाने."

"म्हणजे कधीच नाही," बायको म्हणाली आणि तिने सुईत दोरा ओवला.

हे भिंगोबाला लागलं. डाव्या दालनाचं प्रमुखपद पुढच्या महिन्यात रिकामं होणार होतं आणि ते त्यालाच मिळेल असं शिपायापासून सगळे म्हणत होते. तरीही त्याने दुसऱ्या दिवशी टिपण सादर केलं: दोन्ही नमुने एकाच प्राण्याचे असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी उचित कार्यवाही व्हावी.

आठ दिवसांनी टिपण शेरा घेऊन परत आलं. "सदर प्राणी पंधरा कोटी वर्षांपूर्वी रुजू होऊन सात कोटी वर्षांपूर्वीपर्यंत कार्यरत असल्याचे दिसते. एवढ्या मुदतवाढीस मंजुरी कोणी दिली?"

भिंगोबाने खुलासा पाठवला की मुदतवाढ कुणी दिलेली नाही, एक पाटी चुकली आहे. उत्तर आलं: "पाटी चुकीची असल्यास तीवर सही करणारे अधिकारी चुकीचे ठरतात. सदर अधिकारी सध्या संचालक आहेत. संचालक चुकीचे असण्याची तरतूद नियमावलीत आढळत नाही."

मग त्याने एवढंच मागितलं की दोन्ही तुकडे एका टेबलावर आणू द्यावेत. त्यासाठी छापील अर्ज होता. 'नमुना कोणत्या काळातून कोणत्या काळात नेण्यात येत आहे' हा रकाना सहज भरला गेला. 'अंतर' ह्या रकान्यापाशी तो अडला. त्याने लिहिलं: आठ कोटी वर्षं, अर्थात बत्तीस पावलं.

"काहीतरी एक लिहा हो," भांडारपाल म्हणाला. "दोन्ही चालत नाही."

त्याने पावलं ठेवली. अर्ज फेटाळला गेला. शंभर पावलांच्या आतल्या हालचालीला परवानगी लागत नाही, म्हणून परवानगी देता येत नाही. आणि परवानगीशिवाय नमुना हलवता येत नाही.

शेवटी समिती नेमली गेली. तीत क्रिटेशसच्या बाई होत्या, भांडारपाल होता, आणि तटस्थ सदस्य म्हणून बाग सांभाळणारे गृहस्थ होते. त्यांनी आयुष्यात एकही अमोनाइट पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्या तटस्थतेबद्दल दुमत नव्हतं. तुकडे एकत्र न आणता ते जुळतात का हे पाहायचं, असं पहिल्याच बैठकीत एकमताने ठरलं. डाव्या दालनाने आपला अर्धा सेंटिमीटरमध्ये मोजला आणि उजव्याने आपला इंचांत. आकडे जुळले नाहीत.

बैठक संपल्यावर बाई पिंपापाशी भेटल्या.

"जुळतात ते," पेला धुता धुता त्या म्हणाल्या. "मला एकोणीस वर्षं माहितीय. साहेबांच्या नावाचा तो शोधनिबंध मीच तर लिहिला."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तुम्ही विचारलंत कधी? ह्या पिंपाच्या पुढे कधी आलात?"

भिंगोबा पाणी प्यायला. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी संचालकांचं बोलावणं आलं. साहेब अतिशय प्रसन्न होते. अर्ध्या अमोनाइटच्या कपातून त्यांनी स्वतः चहा पुढे केला.

"तुमच्या टिपणामुळे संस्थेत किती विचारमंथन झालं म्हणून सांगू! समितीच्या असं लक्षात आलंय की दोन्ही नमुन्यांच्या कडा फार धारदार आहेत. उद्या कुणाच्या हाताला लागलं म्हणजे? तेव्हा आधी कडा गुळगुळीत करू, आणि मग तुम्ही म्हणता तसे दोन्ही एकत्र आणून सर्वांसमक्ष जुळवून पाहू."

"पण साहेब, कडा घासल्यावर ते जुळतील कसे?"

"तेच तर पाहायचंय! विज्ञानात निष्कर्ष आधी काढू नये हो." साहेबांनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक कडा घासण्याचा होता, दुसरा प्रमुखपदाच्या नेमणुकीचा. "काम नाजूक आहे. तुमच्या हाताशिवाय जमायचं नाही. आणि सक्ती मुळीच नाही हं! फक्त लेखी आदेश आहे."

भिंगोबाने चहा संपवला. कपाच्या तळाशीही तो अर्धा अमोनाइट होता.

तीन दिवस तो कानस चालवत होता. काम त्याने मन लावून केलं, कारण वाईट काम करायची त्याला सवय नव्हती. प्रत्येक कडेवरून नखाच्या जाडीएवढा दगड गेला. अर्धी तुटलेली चूण गेली आणि तिरक्या रेघेचं टोकही गेलं. चौथ्या दिवशी दोन्ही तुकडे इतिहासात प्रथमच एका टेबलावर आले. बागवाल्या गृहस्थांनी फटीत पोस्टकार्ड घालून पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "आरपार जातंय की!"

अहवाल झाला. नमुने दोन, जाती दोन, काळ दोन. अहवालावर तज्ज्ञ म्हणून भिंगोबाची सही होती.

आता प्रश्न उरला भुशाचा. नमुन्याचा कणही टाकून द्यायचा नाही, असा नियम आहे. भिंगोबाने दोन्ही दालनांत एकच कागद नेऊन अंथरल्यामुळे दोन्ही कडांचा भुसा मिसळला होता आणि तो डावीकडे ठेवावा की उजवीकडे, हे कुणी सांगू शकेना. भांडारपालाने पंधरा आणि सात ह्यांची सरासरी काढली. ती अकरा कोटी आली. अकरा कोटींसाठी वेगळं दालन हवं, म्हणून पिंप हलवून बोळातच तिसरं दालन उघडण्यात आलं: संक्रमणकालीन दालन. भुसा काचेच्या बाटलीत भरला आणि ती तिसरी जात ठरली. बाईंना नावं देण्याचा अनुभव होता. त्यांनी तिला भिंगोबाचं नाव दिलं. प्रमुखपदही त्याला ह्याच दालनाचं मिळालं. तो प्राणी अखंड असा कुठे एकत्र नांदत असेल तर त्या बाटलीतच, पण हे निरीक्षण कुठल्याही रकान्यात बसणारं नव्हतं.

"तुझं नाव राहिलं ना पाटीवर!" संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं.

बायकोने मशीन थांबवलं.

"अर्ध्यावर राहिलं. सव्वीस वर्षं मी अर्धीच आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, तोवर काही बिघडलं नाही. आता ठाऊक असून अर्धीच ठेवलीत. आमच्या धंद्यात तुकडे जुळत नसले तर कात्री घेतात. जुळत असले तर सुई."

आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

तेव्हापासून दर रविवारी ती संग्रहालयात येते. पडदे नीट पडतात की नाही हे बघायला, असं फाटकावरच्या वहीत लिहिते. चार नंबरच्या पेटीपाशी उभी राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, की ह्या चुण्यांमधलं अंतर मोजा, मग पलीकडे जाऊन मोजा. कडा घासल्या तरी चुण्या कशा वाढत गेल्यात ते लपत नाही. तिला कुणी अडवत नाही. अडवण्याची गरज आजवर पडलेली नाही.

तुम्हीही आला होतात. मागच्या सुट्टीत, मुलांना घेऊन. तिन्ही पाट्या तुम्ही मोठ्याने वाचल्यात, "बापरे, पंधरा कोटी!" म्हणालात आणि मुलांना पाटीशेजारी उभं करून फोटो काढलात. तेव्हा एका बाईंनी टेप पुढे करून म्हटलं होतं, "एकदा मोजून बघता का? बत्तीसच पावलं आहेत." तुम्ही सौजन्याने हसलात, मुलांचे हात धरून जरा बाजूला सरलात, आणि भुशाच्या बाटलीपुढे बराच वेळ मान डोलावत उभे राहिलात.

जाताना अभिप्रायाच्या वहीत तुम्ही लिहून गेलात: पाट्या फार सुवाच्य आहेत.