डाव्या वळणाचा हॉर्न

शुक्रवारी सकाळी हरिचंद राठोड गुरुजींनी अंगणातून मोटार बाहेर काढून डावीकडे वळवली आणि हॉर्न वाजायला लागला. गुरुजींचा हात हॉर्नवर नव्हता. दोन्ही हात स्टिअरिंग घट्ट धरून होते. त्यांनी घाबरून स्टिअरिंग सरळ केलं, हॉर्न थांबला. पुन्हा डावीकडे वळवलं, पुन्हा सुरू.

"कोणाला बोलवून राहिलात?" जिवनबाईंनी गोठ्यातून विचारलं.

"कोणाला न्हाई. आपोआप वाजून राहिला."

"मंग आपोआप बंद करा. म्हैस पान्हा चोरायली."

मोटार १९६४ सालची होती. काळी, फुगऱ्या गालांची, शिवशंकर डॉक्टरांची. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या मुलाने नांदेडच्या घरामागे उभी असलेली ती गाडी विकायला काढली, तेव्हा गुरुजींनी कुणालाही न विचारता घेतली. एरवी गुरुजींनी आणलेल्या भेंडीलाही नाव ठेवणाऱ्या जिवनबाई त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. पस्तीस वर्षांपूर्वी याच मोटारीतून डॉक्टरांनी नर्स अनुसयाबाईंना तांड्यावर आणलं होतं. पोटातला रणजीत पायाळू होता आणि जिवनबाईंचं काही खरं नव्हतं. बाई आल्या म्हणून दोघं राहिली.

येत्या रविवारी तांड्यावर त्याच अनुसयाबाईंचा सत्कार होता. बाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, डोंगरकडा गावात राहायच्या. तांड्यातली पस्तीस-चाळीस वर्षांची निम्मी माणसं त्यांच्याच हातात पहिल्यांदा रडली होती. बाईंना आणायचं ते डॉक्टरांच्याच मोटारीतून, असं गुरुजींनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं होतं.

म्हणजे हातात दोन दिवस होते.

गुरुजींनी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. दरवर्षी एक सेल, एक बल्ब आणि दोन तारा घेऊन विजेचं मंडल समजावलं होतं. त्यामुळे मिस्त्रीकडे जाणं त्यांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी बॉनेट उघडलं, पुस्तकातलं मंडल आठवलं आणि जी तार हॉर्नची वाटली ती काढून दुसरीकडे लावली. हॉर्न होता तसाच राहिला. मात्र आता डावीकडचा इंडिकेटर दिला की काचेवरचे वायपर हलायला लागले.

"पाऊस न्हाई, काई न्हाई, हे काहून हलायलं?" जिवनबाईंनी विचारलं.

"मंडल पूर्ण होऊन राहिलं," गुरुजी म्हणाले.

"तुमी पहिले जमीलभाईकडं जा."

जमीलभाई म्हणजे कळमनुरीतले गाड्यांच्या वायरिंगचे जुने मिस्त्री. पण कळमनुरीपर्यंत जायचं तर डावीकडे वळणं आलंच. यावर गुरुजींनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आकृती काढली. उजवीकडे तीन वेळा वळलं की एकदा डावीकडे वळल्यासारखंच होतं, हे भूमितीने सिद्ध झालं. पहिला प्रयोग त्यांनी तांड्याच्या तोंडाशीच केला. एका डाव्या वळणासाठी किसनसिंगच्या हळदीच्या शेताला पूर्ण वेढा घातला आणि आवाज न करता मोठ्या रस्त्याला लागले. किसनसिंग बांधावर उभा राहून पाहत होता. त्याला वाटलं, गुरुजी जमीन विकत घ्यायच्या विचारात आहेत.

कळमनुरीत नेमका बाजारचा दिवस होता. जमीलभाईंचं दुकान डाव्या हाताच्या गल्लीत. गुरुजींनी ठरल्याप्रमाणे पहिलं उजवं वळण घेतलं, ते कापडवाल्यांत. दुसरं घेतलं, ते शेळ्यांच्या बाजारात. तिसरं घेणार, तर तोंडावरच कांद्याचा टेम्पो आडवा उभा. भूमितीत कांद्याचा टेम्पो नसतो. मागे शेळ्या, पुढे भिंत, उजवीकडे टेम्पो. वाट उरली होती ती फक्त डावीकडची.

गुरुजींनी देवाचं नाव घेतलं आणि वळवली.

हॉर्न असा वाजला की बांधलेल्या शेळ्या सुटल्या आणि सुटलेल्या शेळ्या कापडाच्या दुकानात शिरल्या. घाबरून गुरुजींनी सवयीने इंडिकेटर दिला, तसे वायपरही सुरू झाले. त्या गडबडीत क्लच सुटला आणि गाडी बंद पडली, स्टिअरिंग डावीकडेच. इंजिन थांबलं तरी हॉर्न चालूच. गुरुजी खाली उतरले, दार लावलं, तरी हॉर्न चालूच.

"इलेक्शनला कोण उभं ऱ्हायलं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"मास्तर, बस झालं आता. सरकतो ना आमी," टेम्पोवाला हात जोडून म्हणाला.

"अरे, मी वाजवून राहिलो न्हाई," गुरुजी ओरडून सांगत होते, पण ते फक्त त्यांचं त्यांनाच ऐकू येत होतं.

गर्दीतून पांढऱ्या दाढीचा एक माणूस शांतपणे पुढे आला. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीची एक वायर उचलली आणि हॉर्न थांबला. ते जमीलभाई होते. दुकानातून नुसत्या आवाजावरून त्यांनी ओळखलं होतं, की हा माणसाचा हात नव्हे, वायरीचा हात आहे. चार जणांनी धक्का मारून मोटार त्यांच्या दुकानापुढे आणली. शेळ्यांच्या मालकाने सुद्धा धक्का मारला, ती लवकर जावी म्हणून.

जमीलभाईंनी टेस्ट लॅम्प काढला, एक बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी. गुरुजींना ते जुनं ओळखीचं साहित्य पाहून जरा बरं वाटलं.

"ही वायर इथं कोणी लावली?" जमीलभाईंनी विचारलं.

गुरुजींनी आकाशाकडे पाहिलं.

"ज्यानं लावली त्याला म्हणावं, हात जरा लांब ठेव. हॉर्नची वायर ही न्हाईच." त्यांनी इंडिकेटर आणि वायपर आपापल्या जागी नेऊन बसवले, मग स्टिअरिंग उघडलं. "हे बघा मास्तर. हॉर्नची वायर या दांड्यातून वर जाती. बटन दाबलं की ती लोखंडाला टेकती, अन् हॉर्न वाजतो. हितं ती सोललेली हाय. डावीकडं फिरवलं की बटनाबिगर टेकती. कोणीतरी पहिले पट्टी गुंडाळली व्हती, ती वाळून गळाली. बस, येवढीच तकलीफ."

"येवढीच?" गुरुजींना आपलं कॅलेंडर आठवलं.

तासाभरात जमीलभाईंनी वायरीवर नवी रबरी नळी चढवली, आतून नीट बांधली, आणि गाडी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे फिरवून दाखवली. हॉर्न गप्प. गुरुजींनी पाकीट काढलं.

"ठेवा ते. रविवारी कोणाला आणायला चालले, म्हणलात?"

"अनुसयाबाईला. डोंगरकड्याच्या."

जमीलभाईंनी हातातला पाना पुसून खाली ठेवला. "माझी यास्मीन त्यांच्या हातची हाय. निळी पडली व्हती. बाईनं उलटी धरून पाठीत असा धपाटा दिला, का आजपर्यंत तिचं तोंड बंद झालं न्हाई." मग म्हणाले, "मी येतो संगं. जुनी गाडी हाय, रस्त्यात काई झालं तर."

रविवारी नऊ वाजता बाई डोंगरकड्याच्या घराबाहेर पांढऱ्या कडक साडीत उभ्या होत्या. त्यांनी मोटारीच्या गालावरून हात फिरवला आणि मागचं दार धरलं.

"बाई, पुढं बसा," गुरुजी म्हणाले.

"पुढं डॉक्टरांची बॅग ऱ्हायची," बाई म्हणाल्या, पण बसल्या. वाटेत गुरुजींनी चार डावी वळणं घेतली, एकाहून एक शांत. प्रत्येक वळणाला त्यांनी आरशातून जमीलभाईंकडे कौतुकाने पाहिलं. जमीलभाईंनी प्रत्येक वेळी मान डोलावली. बाई मात्र अस्वस्थ होत चालल्या होत्या.

"मास्तर, गाडी बिघडली का?"

"न्हाई बाई. का?"

"हॉर्न काहून वाजंना? डावीकडं वळलं की वाजायचा ना हिचा."

मागच्या सीटवर जमीलभाई सरळ होऊन बसले.

"तवाबी वाजायचा?" गुरुजींनी विचारलं.

"तवाच तर. लई जण दुरुस्त करतो म्हणले, डॉक्टर करू देत नव्हते. तुमच्या तांड्याचं वळण डावं. तिथं वाजला, की बाळंतिणीला कळायचं आपण आलो. डॉक्टर म्हणायचे, अर्ध्या कळा हाच घालवतो. अन् डॉक्टर गेल्यावर पोरानं पट्टी लावली असंल."

गुरुजींनी बटन दाबून दाखवलं. हॉर्न पिपपिप वाजला.

"असा न्हाई," बाई म्हणाल्या. "वळण सुरू झाल्यापासून वळण सरंपर्यंत, एका दमात."

तांड्याआधी एक लहान वळण होतं. गुरुजींनी तिथे एका हाताने बटन दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने साठ वर्षांचं जड स्टिअरिंग ओढून पाहिलं. मोटार नालीच्या दिशेने निघाली.

"थांबवा," जमीलभाई म्हणाले.

मोटार बाजूला उभी राहिली. जमीलभाई पुढे आले, स्टिअरिंग उघडलं, आणि शुक्रवारी तासभर खपून चढवलेली रबरी नळी दोन मिनिटांत उतरवून खिशात घातली. "जिंदगीत पहिल्यांदा," ते गुरुजींना म्हणाले, "चांगली वायर मी बिघडवून राहिलो. दुकानात कोणाला बोलू नका."

तांड्याचं वळण आलं. गुरुजींनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग वळवलं आणि हॉर्न वाजायला लागला, लांब, घोगरा, वळण सरेपर्यंत. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. अकराच्या कार्यक्रमाला बारा वाजेपर्यंत कुणी घराबाहेर पडणार नाही, या हिशोबाने सतरंजी अजून गुंडाळलेलीच होती. पण हॉर्न ऐकला आणि दारादारांतून बाया बाहेर आल्या. म्हाताऱ्या पुढे, सुना मागे. मोटार थांबायच्या आतच अंगण भरलं. जिवनबाईंनी दार उघडलं, बाईंचे दोन्ही हात धरले आणि तसेच धरून ठेवले.

"पोरगं कसं हाय?" बाईंनीच विचारलं.

"हे काय, तुमच्यामागं."

रणजीत वाकून पाया पडला. त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते. बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पहिले पाय बघितले व्हते याचे. तोंड आता बघायले."

इतक्यात घरातून धूर यायला लागला. गुरुजी धावत आत गेले. त्यांना वाटलं, आता घराच्या वायरिंगला काही झालं. चुलीपुढे त्यांची नव्वदीची आई बसली होती. तिला अलीकडे माणसं ओळखू यायची नाहीत. तिने तीन लाकडं सारून चुलीवर मोठं पातेलं चढवलं होतं, काठोकाठ पाणी.

"आई, हे काय करायलीस?"

"डॉक्टरची गाडी आली न्हवं? पाणी तापवायचं का न्हाई?" म्हातारी म्हणाली. "कोणाचे दिवस भरले?"

बाई मागोमाग आत आल्या होत्या. त्या म्हातारीशेजारी जमिनीवर बसल्या. पाण्यात बोट घालून पाहिलं आणि पूर्वीसारख्याच करड्या आवाजात म्हणाल्या, "बराबर तापवलं, मावशी. आता यात पत्ती टाका."

एवढ्या पाण्याचा चहा सगळ्या तांड्याला पुरला.