राणीच्या मृत्यूसाठी अडीच ओळी

ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहिण्यासाठी इतिहासाचे ज्ञान अनिवार्य असते. प्रेमाचा अनुभव ऐच्छिक. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही, परंतु गेली बावीस वर्षे आणि अकरा कादंबऱ्या मी तो कसोशीने पाळत आलो आहे, आणि त्याविरुद्ध वाचकांची एकही तक्रार आलेली नाही. (तक्रारी आल्या त्या इतिहासाविषयी. दुसऱ्या कादंबरीत सेनापतीच्या अंगरख्याला बटणे होती. बटणे त्या प्रदेशात चाळीस वर्षांनंतर आली. पुढच्या आवृत्तीत मी ती उसवली. आता सेनापती गाठी मारतो, आणि त्यामुळे त्याला रणांगणावर पोहोचायला अर्धे पान उशीर होतो.)

माझ्या लेखनपद्धतीविषयी अनेकांना कुतूहल असते, म्हणून ती येथे नोंदवून ठेवतो. जे शरीराला शक्य नाही ते मी प्रेमाला करू देत नाही. माझे बहुसंख्य व्यवसायबंधू नायकाला चिलखतासह सज्ज्यावर चढवतात आणि पोहोचताक्षणी नायिकेच्या कानात कुजबुजायला लावतात. हे असत्य आहे. अकरा फूट चढून गेलेला सशस्त्र पुरुष पहिली चार मिनिटे केवळ धापा टाकू शकतो. मी हे स्वतः तपासले आहे. पत्र्याचे दोन मोठे ट्रे छातीला आणि पाठीला कपडे वाळवण्याच्या दोरीने बांधून मी स्वयंपाकघरात शिडी चढलो. वर, स्टुलावर, राणी म्हणून माझी पत्नी उभी होती. ती चार मिनिटे थांबली. (चिलखतासह आलिंगन दिल्यास सुटायला अकरा सेकंद लागतात, दोरी केसांत अडकल्यास चाळीस.)

अशा प्रत्येक प्रात्यक्षिकाची मी वहीत नोंद करतो. वहीत चार रकाने आहेत: अंतर, कोन, प्रकाश आणि उद्गार. उद्गाराच्या रकान्यात पत्नी प्रात्यक्षिकाच्या वेळी जे काही बोलेल ते जसेच्या तसे उतरवले जाते आणि नंतर त्याचे अभिजात गद्यात रूपांतर होते. उदाहरणार्थ, स्टुलावरून ती म्हणाली, "आटपा लवकर, पायाला मुंग्या आल्यात." छापील पाठ असा: "विलंब नको, नाथ, प्रतीक्षेने पावलांचे पाषाण झाले." युद्धावर निघण्याच्या प्रसंगी ती म्हणाली, "तुमचं काय, तुम्ही निघालात की निघालात. मागे सगळं मलाच आवरायचंय." छापील पाठ: "प्रस्थान करणाऱ्यास दिशा असते, मागे राहणाऱ्यास केवळ दालने." हे वाक्य लोकांनी पत्रांत उतरवून घेतले, लग्नपत्रिकांवर छापले, आणि एका गृहस्थांनी ते आपल्या दुकानाच्या बंद दारावर लावले. समीक्षकांनी लिहिले की, स्त्रीहृदयाचा असा ठाव दुसऱ्या कोणी घेतलेला नाही. ही स्तुती मी विनम्रपणे स्वीकारली. हृदय माझे नव्हते. पण व्याकरण माझे होते.

बाराव्या कादंबरीच्या आरंभी प्रकाशक घरी आले. सज्जन माणूस. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "साहेब, राणी आता पन्नाशीला टेकली."

"ही राणी नवीन आहे," मी म्हणालो. "वेगळा वंश, वेगळे शतक."

"नावं बदलता हो तुम्ही. बाई तीच आहे. वाचकाला आता काहीतरी तरुण द्या."

(अकरा कादंबऱ्यांत राण्यांची नावे अकरा होती, राणी एकच होती. ही गोष्ट माझ्याखेरीज सर्वांच्या लक्षात आली होती.) मी वाद घातला. प्रौढ प्रेमाची गहनता, तारुण्याची उथळता, पाच पुरावे, सात दाखले. तीन तास झाले. मग मी मान्य केले. मी वादप्रिय माणूस आहे. पण हरल्यावर ताणत नाही.

राजउद्यानातील माळ्याची एकोणीस वर्षांची मुलगी नायिका ठरली. राणीचा प्रश्न इतिहासानेच सोडवला होता. माझ्या राजाच्या शिलालेखात, राणी त्याच वर्षी तापाने गेली, असे स्पष्ट कोरलेले आहे. शिलालेखाने तिच्या मृत्यूला एक ओळ दिली आहे. मी अडीच दिल्या. म्हणजे इतिहासापेक्षा मी अडीचपट उदार होतो, याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

माझ्या हस्तलिखिताची स्वच्छ प्रत पत्नी टाइप करते. त्या सकाळी तिसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर टाइपरायटर थांबला.

"अहो, ही मेली?"

"तापाने," मी म्हणालो. "पुरावा आहे."

"अडीच ओळींत?"

"ताप अल्पकाळच होता."

मग तिने विचारले, "मागच्या पुस्तकात घोडा मेला, तेव्हा किती पानं होती?"

"अकरा. पण तो युद्धात पडला होता."

"बरं," ती म्हणाली. तिने कागद काढला, टाइपरायटरवर झाकण घातले. "मेलेली माणसं बोलत नाहीत."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. प्रामाणिक इतिहासकार म्हणून सांगितले पाहिजे की, ही बाब माझ्या लक्षात चौथ्या दिवशी आली, आणि तीही उद्गाराचा रकाना रिकामा राहिला म्हणून. चहा वेळेवर येत होता. शर्टाला इस्त्री होती. दूधवाल्याशी, शेजारणीशी, फोनवर धाकट्या बहिणीशी तिचे बोलणे सुरळीत चालू होते. किंबहुना वाढले होते. मी खोलीत आलो की मात्र तिच्या चेहऱ्यावर अशी शांतता येई, जिचे वर्णन मी यापूर्वी सहा समाध्यांच्या संदर्भात केले आहे.

मी डगमगलो नाही. लेखकाने परिस्थितीचा नव्हे, शैलीचा गुलाम असावे. खालच्या मजल्यावर एक निवृत्त भूमापक राहतात. त्यांना सगळे मोजणीकाका म्हणतात. त्यांना मी माळ्याच्या मुलीच्या जागी उभे राहण्याची विनंती केली. ते लगेच आले, स्वतःची टेप घेऊन. राजा प्रथमच तिच्या केसांतले पान काढतो, असा प्रसंग होता. (काकांना केस नाहीत. पान कानावर ठेवले.)

"मान जरा डावीकडे घ्या, साहेब," काका म्हणाले. "चष्मा पडेल माझा."

मी लिहून घेतले.

"आणि तुम्ही नऊ इंच धरलंय ना, ते चुकीचंय. साडेनऊ भरतंय."

हेही लिहून घेतले. प्रकरण प्रकाशकांकडे गेले. त्यांचा फोन आला.

"साहेब, एकशेचौदाव्या पानावर ही मुलगी म्हणते, 'नाथ, आपणांमध्ये अद्याप साडेनऊ अंगुळे शेष आहेत.' ही प्रेम करतेय का प्लॉट पाडतेय?"

"ते अंतर तपासलेले आहे."

"असेल हो. पण हिच्याशी कोण बोलेल? आपली राणी काय बोलायची! तिचं एक वाक्य आमच्या हिने फ्रीजवर लावलंय."

"राणी मृत आहे," मी म्हणालो.

"मग तुमचं पुस्तक पण मेलंय," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आता मला पुरवठ्याचा दुसरा मार्ग शोधणे भाग होते. पत्नी रोज दुपारी चारच्या सुमारास बहिणीशी फोनवर बोलते. सरासरी कालावधी चौदा मिनिटे, पैकी हसण्याची तीन. बावीस वर्षांत मला हे हसणे माहीत नव्हते. माझ्या एकाही राणीला ते नाही. माझ्या राण्या स्मित करतात. मी वही घेऊन दाराआड उभा राहिलो. पहिले दोन दिवस उत्तम सामग्री मिळाली. तिसऱ्या दिवशी ती फोनमध्ये म्हणाली, "थांब गं जरा. दाराआड कारकून उभा आहे."

मी हललो नाही. हललो असतो तर उभा होतो हे सिद्ध झाले असते.

"नाही गं, तो काही बोलत नाही. तो लिहून घेतो." मग बराच वेळ बहिणीचे ऐकणे. मग, "येते. शनिवारी येते. परत कधी, ते नाही ठरवलं."

हे वाक्य मी वहीत उतरवले. उतरवून झाल्यावर सवयीप्रमाणे त्याचे रूपांतर करायला घेतले. 'प्रस्थानाचा दिवस निश्चित, प्रत्यागमनाचा...' येथे पेन्सिल थांबली. प्रत्यागमन या शब्दाला पर्याय पाच आहेत. मला त्यांतला एकही नको होता. मला ती परत कधी येणार ते हवे होते.

त्या दिवशी बुधवार होता. मी अभिजात गद्याचा उपासक असल्याने क्षमा मागण्याचे मला एकच साधन अवगत आहे. मी राणीचा मृत्यू पुन्हा लिहिला. अडीच ओळींची चौदा पाने केली, म्हणजे घोड्यापेक्षा तीन अधिक. राजा तिच्या उशाशी बसतो. तो आपल्या चुका कबूल करतो: एकूण सदतीस, कालानुक्रमे. तो तिच्या धैर्याची, तिच्या मौनाची, तिच्या हातांची थोरवी गातो. एक वाक्य तर सबंध पानभर चालते आणि कुठेही लंगडत नाही. शुक्रवारी सकाळी ती पाने मी तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि माझ्या खोलीत जाऊन, काम करत असल्याच्या स्थितीत, बसलो.

संध्याकाळी पाने माझ्या टेबलावर परत आली. खाडाखोड नव्हती. केवळ शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीने, तिच्या त्या नीटस अक्षरात, लिहिले होते: 'पान सातवर राणीने पाणी मागितले आहे. पान चौदापर्यंत ते कोणी दिलेले नाही.'

मी तपासले. निरीक्षण अचूक होते. सातव्या पानावर राणी क्षीण स्वरात पाणी मागते. राजा त्यावर 'जल' या शब्दाने आरंभ होणारे एक विलक्षण सुंदर भाषण करतो. खोलीत दोन दासी, एक वैद्य आणि चांदीची एक सुरई आहे. सुरईचे वर्णनही आहे, पाच ओळी. मग राणी मरते. मी अकराही कादंबऱ्या काढून पाहिल्या. राण्यांनी एकूण त्रेचाळीस वेळा काही ना काही मागितले आहे: पाणी, शाल, दिवा, सवड, एकदा नुसते 'बसा ना'. उत्तरादाखल त्यांना एकूण त्रेचाळीस उत्कृष्ट परिच्छेद मिळालेले आहेत.

शनिवारी सकाळी ती बॅग भरत होती. मी स्वयंपाकघरात गेलो. पेले कुठे असतात याविषयी माझी माहिती अपुरी होती. चार कपाटे उघडली. तिसऱ्यात मला माझेच चिलखत सापडले, त्यात ती आता सुकवलेल्या मिरच्या ठेवत असे. चौथ्यात पेले होते. एक भरून मी तिच्या खोलीच्या दाराशी गेलो. आवाज ऐकून तिने वर पाहिले. तिने काहीही मागितलेले नव्हते. या प्रसंगाला साजेसे एक वाक्य माझ्या मनात तयार होते. उपवाक्ये तीन, क्रियापद शेवटी. ते मी बोललो नाही. पेला पुढे केला. थोडे पाणी सांडले.

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि सगळे पाणी प्यायली. मग ती बोलली.

जे बोलली ते मी नोंदवलेले नाही. यात कोणी माझे मतपरिवर्तन शोधू नये. एका हातात रिकामा पेला होता. दुसरा हात त्या वेळी मोकळा नव्हता.

ती बहिणीकडे गेलीच. ठरलेले ती मोडत नाही. आठव्या दिवशी परत आली. दरम्यान मी राणीला बरे केले. माळ्याच्या मुलीला एका होतकरू माळ्याशी बोलते केले. ते दोघे खतांविषयी बोलतात आणि सुखी आहेत. शिलालेखाविषयी तळटीप दिली: 'हा शिलालेख चुकीचा आहे.' माझ्या कारकिर्दीतली ही एकमेव तळटीप, जिला आधार नाही. ग्रंथाच्या अखेरच्या पानावर राजा पाणी घेऊन येतो, राणी ते पिते आणि म्हणते. 'राणी म्हणाली,' असे छापलेले आहे. त्यापुढे जागा कोरी आहे.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून दोनशे बारा पत्रे आली. एकसष्ट टक्के वाचकांना हा मुद्रणदोष वाटला आणि त्यांनी प्रत बदलून मागितली. बावीस टक्क्यांनी वाक्य स्वतः लिहून पाठवले. एका समीक्षकांनी या कोऱ्या जागेत मानवी अस्तित्वाची पोकळी पाहिली आणि तिच्यावर सव्वीस पाने लिहिली. उरलेल्या सर्वांचा प्रश्न एकच: राणी काय म्हणाली? बाराही कादंबऱ्या वाचलेल्या आम्हा निष्ठावंतांना हे कळण्याचा अधिकार नाही काय?

अधिकार आहे, आणि आपल्या निष्ठेविषयी मला नितांत आदर आहे. माझ्या राणीचे प्रत्येक वाक्य आपल्याला पानाच्या क्रमांकासह पाठ असते, हे मी जाणतो. मात्र हा लेख वाचायला बसल्यापासून शेजारच्या खोलीतून आपल्याला दोनदा हाक आली आहे. पहिल्या खेपेस आपण ऐकले नाही. दुसऱ्या खेपेस आपण मान वर न करता 'हं' म्हणालात. तिकडून काय विचारले होते, तेवढे आपण मला कळवावे. राणी काय म्हणाली ते मी उलट टपाली पाठवीन.